पांढऱ्या पेशी जंतूंना फक्त गिळतात का?

'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. जंतू शिरला की त्या त्याला गिळतात' हे वाक्य आपण शाळेत शिकलो आणि पुढे वर्गात शिकवतही आलो. फळ्यावर मोठा गोल, त्याच्या आत छोटा ठिपका, की धडा संपला. जिवाणूंपुरते हे चित्र चालते. बुरशीपाशी ते अडते.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस बळावला. देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रात त्यांची संख्या मोठी होती. 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोचले, पण काळी असते ती बुरशी नव्हे. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करतात आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. या आजाराला मुख्यतः कारणीभूत असते ऱ्हायझोपस. शिळ्या पावावरची जी बुरशी आपण भिंगाखाली दाखवतो, तिचेच हे भावंड. सोलापूर जिल्ह्यातील दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावात भिजलेल्या धान्याच्या पोत्यांवर बुरशी चढते आणि तिचे बीजाणू श्वासावाटे आत जातात. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही. का?

आकारांचा हिशेब करून पाहू या. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी सुमारे १२ ते १५ मायक्रॉनची असते. बीजाणू ४ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे गिळता येण्याजोगा. फुप्फुसातील मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. तो लगेच मरतोच असे नाही. पण पेशी त्याला लोह मिळू देत नाही आणि तो रुजत नाही. मात्र रुजलाच, तर तंतूची जाडी ६ ते २५ मायक्रॉन आणि लांबी त्याच्या कितीतरी पट. हे गिळायचे कसे?

गिळायचे नाहीच. न्यूट्रोफिल तंतूला चिकटून त्यावर पसरतात आणि ऑक्सिजनपासून बनलेली दाहक रसायने व प्रथिने त्यावर सोडतात. अमेरिकेतील रिचर्ड डायमंड व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे दाखवले. या पेशी रासायनिक हाक देऊन इतरांना बोलावतात आणि थव्याने बुरशीला वेढतात. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आणखी एक रीत शोधली: न्यूट्रोफिल आपलेच डीएनए जाळ्यासारखे बाहेर टाकतात. हे जाळे स्वतःच्या ऊतींनाही इजा करते, म्हणून ते जपून वापरावे लागते. २०१४ मधील संशोधनानुसार डेक्टिन-१ हे प्रथिन येथे मापाड्याचे काम करते. कण गिळला गेला, तर जाळे टाकणे रोखले जाते; गिळता आला नाही, तर ही आडकाठी उरत नाही.

गंमत म्हणजे भक्षणाच्या सिद्धान्ताची सुरुवातच वेढ्यातून झाली. १८८२ मध्ये मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पेशी त्याभोवती जमल्या होत्या. काटा कोणी गिळला नव्हता! पुस्तकांनी 'गिळणे' उचलले आणि 'वेढणे' मागे राहिले.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. 'सैनिक कमी पडले' असे समजणारा 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पूड विकत घेतो. प्रत्यक्षात स्टेरॉइडमुळे रक्तातील न्यूट्रोफिलची संख्या वाढते. खालावते ते त्यांचे आणि मॅक्रोफेजचे काम. अनियंत्रित मधुमेहात न्यूट्रोफिल मंदावतात. शिवाय रक्त आम्लधर्मी झाले, तर प्रथिनांनी धरलेले लोह सुटून बुरशीला मिळते. म्हणजे वेढा ढिला पडतो आणि वेढ्यातल्या शत्रूला रसदही पोचते. रक्तातील साखर ताब्यात ठेवणे आणि स्टेरॉइड डॉक्टरी सल्ल्यानेच घेणे का आवश्यक, हे गिळण्याच्या चित्रातून विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी फळ्यावर १ मायक्रॉनला १ सेंटिमीटर असे प्रमाण घ्यावे. जिवाणू १ सेंटिमीटरचा, बीजाणू ५ चा, न्यूट्रोफिल १२ चा आणि बुरशीचा तंतू १० सेंटिमीटर रुंदीचा, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग विद्यार्थ्यांना विचारावे, 'आता ही पेशी काय करील?' उत्तर लगेच सांगू नये.