नकली विमान आणि खरी गिरकी

दिवाळी अंकासाठी टीकालेख मागितला की वर्षभरातल्या एखाद्या कादंबरीचा परामर्श यावा, अशी संपादकांची अपेक्षा असते. यंदा मी एका नकली विमानाचे परीक्षण करणार आहे. वाचकांनी चकली हातात धरून थोडे हसून घ्यावे. माझी हरकत नाही. परंतु खरे आणि खऱ्यासारखे यांत अंतर किती, हा जो प्रश्न आम्ही लेखक मंडळी जन्मभर चघळतो, तो या यंत्राने माझ्यापुढे जितक्या रोखठोकपणे टाकला तितका अलीकडच्या कोणत्याही कादंबरीने टाकला नव्हता.

निमित्त असे घडले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे एक गृहस्थ ऐन पावसाळ्यात बोईसरहून पालघरला माझ्याकडे आले. मुलगा नुकताच बारावी झालेला. म्हणाले, “गुरुजी, पोरगा घरच्या संगणकावर विमान चालवतो. म्हणतो, बाबा, मला येतंच आहे, फक्त लायसन काढायचं राहिलंय. शिक्षणाला चाळीस-पन्नास लाख लागतील म्हणतात. फंड काढीन, घर गहाण टाकीन. पण त्याला येतं ते खरं किती, हे मला कोण सांगणार? तुम्ही गोष्टी लिहिता. खोट्यातलं खरं तुम्हाला कळत असेल.”

आमच्या भागातल्या मुलांच्या डोक्यात विमान शिरले याचे मला नवल वाटत नाही. मुंबईला उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून जातात. शिवाय कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि पालघर जिल्ह्यात विमानांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारने २०१८ साली त्यांच्याशी करार केला, तेव्हा आमच्या शाळेतली निम्मी मुले महिनाभर वैमानिक होती. त्यांतलाच हा एक. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकचे. शास्त्राचा अधिकार मला नाही. तरीही एका रविवारी मी बोईसरला जाऊन त्या मुलाशेजारी बसलो.

१९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे विमान आणून ज्या जुहूच्या विमानतळावर उतरवले, तिथून आमचे नकली सेस्ना उडाले. खाली वसईची खाडी, मग केळव्याची सुरूची रांग, सातपाटीचा किनारा. आपले गाव वरून पाहताना मी चष्मा पुसला, हे कबूल करतो. इथवर या कृतीला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण कादंबरीची परीक्षा पहिल्या प्रकरणातल्या निसर्गवर्णनावरून कोणी करीत नाही. नायकावर संकट कोसळते त्या ठिकाणी लेखक काय करतो, ते पाहावे लागते. मी मुलाला म्हटले, “आता विमान पाडून दाखव.”

विमान ‘स्टॉल’ झाले म्हणजे इंजिन बंद पडले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पंख वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन वाढवीत नेला की उचल वाढते. पण साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे पंखावरून वाहणारी हवा पंखाचा पृष्ठभाग सोडते आणि उचल एकाएकी ढासळते. इंजिन गुरगुरत असते आणि विमान पडत असते. त्याच क्षणी विमान थोडे तिरके असले तर एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक ढासळतो आणि संक्रांतीच्या पतंगाने गोता खावा तसे विमान स्वतःभोवती गरगरत खाली येते. ही ‘स्पिन’, आपण तिला गिरकी म्हणू. तीतून सुटण्याची रीत साधारणपणे अशी: इंजिनाचा जोर काढायचा, हातातले चाक मध्यावर आणायचे, गिरकीच्या उलट बाजूचा पाय दाबून शेपटीचे सुकाणू वळवायचे आणि मग चाक पुढे ढकलायचे. डोळ्यांपुढे जमीन गरगरत असताना चाक मागे ओढावे असे जिवाला वाटते, आणि पुष्कळदा तेच ओढणे जीव घेते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडात विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याने गिरकीतून सुटून, काय केले ते लोकांना सांगितले. तोवर गिरकीत सापडलेले बहुतेक जण सांगायला उरतच नसत.

मुलाने नाक वर उचलले. विमानाने, वर्गात चूक सापडलेल्या विद्यार्थ्याने मान खाली घालावी तसे, नाक खाली घातले. मग त्याने पाय दाबून गिरकी घेतली. दोन फेरे झाले, त्याने हात सोडला आणि विमान आपले आपण सरळ झाले. “बघा सर,” तो म्हणाला, “काही कठीण नाही.”

न्यायाने बोलायचे तर खरे सेस्नाही मोठे गरीब स्वभावाचे विमान आहे. ते लवकर सुटते. एका फेऱ्याची गिरकी आणि सुटका यांत हजारेक फूट उंची जाते, तेवढे गणितही पडद्यावर बरे जुळले. पण मग मी त्याला मागच्या आसनांवर जास्तीत जास्त वजन ठेवायला सांगितले. वजन मागे गेले की खऱ्या विमानाची गिरकी चपटी होऊ शकते आणि मग ते सुटायला नकार देते. आमचे विमान पुन्हा तितक्याच आज्ञाधारकपणे सरळ झाले. इथे मला लेखकाचा हात दिसला. पात्राचा स्वभाव बदलला तरी प्रसंगाचा शेवट तोच येत असेल, तर तो शेवट आधीच लिहून ठेवलेला आहे असे समजावे.

अशी यंत्रे रचण्याच्या दोन पद्धती आहेत, असे मला वाचनावरून कळले. एका पद्धतीत खऱ्या विमानाची मोजमापे कोष्टकात भरतात आणि यंत्र त्यांतून उत्तर शोधते. दुसरीत, उदाहरणार्थ ऑस्टिन मेयर यांच्या ‘एक्स-प्लेन’मध्ये, पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचे बळ क्षणोक्षणी मोजतात व त्यांच्या बेरजेतून विमानाची गती काढतात. आमच्याकडेही टिपणवही भरून लिहिणारे आणि पात्राच्या स्वभावातून घटना काढणारे, असे दोन पंथ आहेतच. दुसरा पंथ मला अधिक प्रिय. पण हवा पंख सोडून भोवऱ्यासारखी घुसळू लागली की तुकड्यांचे गणितही अंदाजावर येते, कारण त्या हवेत एका तुकड्याचा शेजाऱ्याशी काय संबंध उरतो हे सोप्या सूत्रात मावत नाही. पहिल्या पंथाची अडचण त्याहून साधी आहे. ज्याचे मोजमाप कोणी केलेच नाही, ते कोष्टकात येणार कुठून?

वाचक म्हणतील, हे मुलांचे खेळणे झाले; विमान कंपन्यांची कोट्यवधींची यंत्रे तरी खरी असतील. खेळणे आणि गुरू यांचे नाते या धंद्यात जुने आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ साली आपल्या वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून हलणारे नकली विमान केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीच्या बागांतच अधिक खपले. १९३४ साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा सैन्याने त्यातली सहा विकत घेतली. आजची यंत्रे सहा पायांवर डोलतात, आणि नेहमीच्या उड्डाणाची नक्कल इतकी हुबेहूब करतात की वैमानिक त्यात शिकून थेट प्रवाशांचे विमान हाती घेतो. परंतु मोठी प्रवासी विमाने चाचणीतसुद्धा गिरकीत घालीत नाहीत. नियम तशी मागणीच करीत नाहीत आणि कोणी शहाणा तो धोका पत्करणार नाही. म्हणजे त्या प्रसंगाचा मूळ ग्रंथच उपलब्ध नाही; नक्कल करायची कशाची?

याची किंमत माणसांनी मोजली आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकवर, अडतीस हजार फुटांवर स्टॉल झाले आणि सुमारे साडेतीन मिनिटांत समुद्रात पडले. २२८ माणसे गेली. नाक खाली करणे हा उपाय होता. चालविणाऱ्याने बहुतेक वेळ ते वरच ओढून धरले. इतक्या उंचीवरच्या स्टॉलचा सराव त्यांना कधी मिळालाच नव्हता. तेव्हाचा सराव कमी उंचीवरचा आणि स्टॉलच्या उंबरठ्यापर्यंतचा असे: इशारा वाजला की जोर वाढवा आणि उंची फारशी न घालवता निघा. उंबरठ्याच्या आत काय आहे हे नकली विमानाने कधी दाखवले नाही.

त्याहून विलक्षण कथा १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कला पडलेल्या विमानाची. पुढच्या विमानाने घुसळलेल्या हवेत वैमानिकाने शेपटीचे सुकाणू जोरजोराने दोन्हीकडे दाबले आणि शेपटीचा उभा पंखच तुटला. २६५ माणसे मेली. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत सुकाणूच्या रचनेबरोबर शिक्षणाचा दोषही होता. त्या सरावात विमान पुरते कलेपर्यंत वैमानिकाच्या हालचालींना यंत्र दादच देत नसे. त्यावरून एवढा जोर लावावाच लागतो अशी समजूत होण्याचा धोका होता. कच्चे चित्र फार तर काही शिकवीत नाही. हे चित्र मात्र पक्के असून भलतेच शिकवणारे होते.

आम्हा तारापूर भागातल्या लोकांना हा विचार परका वाटू नये. १९६९ पासून अणुवीज केंद्र आमच्या उशाशी आहे, आणि अशी केंद्रे चालविणाऱ्यांचे शिक्षणही जगभर नकली नियंत्रणकक्षात होते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला तेव्हा चौकशी आयोगाला आढळले, की चालकांच्या सरावयंत्रात तो प्रसंग उभा करण्याची सोयच नव्हती.

आपल्या देशातली गोष्ट सांगतो, म्हणजे गणितावर किती भार टाकावा ते कळेल. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एचजेटी-३६ हे शिकाऊ जेट २००३ साली प्रथम उडाले. शिकाऊ विमानाला गिरकी घेऊन सुटता आलेच पाहिजे, आणि तिथेच ते अडले. शेवटी शेपटीची रचना बदलून २०१९ साली ते पुन्हा हवेत गेले, आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंनी सहा-सहा फेऱ्यांची गिरकी त्याने जानेवारी २०२२ मध्ये करून दाखवली. कागदावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात ज्यांनी जन्म घालवला, त्यांनाही गिरकीने इतकी वर्षे ताटकळत ठेवले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी विमान चालवायला शिकली आहे. तिला मी फोनवर विचारले. ती म्हणाली, “सर, पडद्यावर गिरकी डोळ्यांना दिसते. खरी गिरकी पोटाला कळते, आणि कानाला तर खोटंच कळतं.” आपल्या कानातल्या द्रवाला फिरण्याची सवय होते; मग विमान थांबले की आपण उलट फिरतो आहोत असे वाटते, आणि माणूस बरे केलेले पुन्हा बिघडवतो. सहा पायांचे यंत्र जागच्या जागी डोलते. ते सतत गरगर फिरवू शकत नाही. घरच्या खुर्चीचे तर बोलायलाच नको.

हे ऐकताना मला माझीच एक कादंबरी आठवली. तीत एक तरुण समुद्रात बुडतो, हात उंचावून हाका मारतो, किनाऱ्यावर आई ऐकते. परीक्षकांनी त्या प्रकरणाचे कौतुक केले होते. सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलाने मुलीकडून ते वाचून घेतले आणि मला एवढेच म्हणाला, “मास्तर, बुडणारा हाका मारत नाही. त्याला श्वास कुठला?” मी बुडणे पाहिले नव्हते, बुडण्याची वर्णने वाचली होती. जिथे मला माहिती नव्हती नेमके तिथेच माझी भाषा सर्वांत ठाम झाली होती. नकली विमानाचा दोषही मला हाच दिसतो. मोजमापे संपली तिथे चित्र अंधुक व्हायला हवे. ते मात्र तितकेच झळझळीत राहते, आणि पाहणाऱ्याला सीमा ओलांडल्याचा पत्ता लागत नाही.

सुधारणा होत आहे, हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ स्टॉल होऊन विमान पडले व पन्नास माणसे गेली, तेव्हा अमेरिकेने नियम बदलले. २०१९ पासून तिथल्या कंपन्यांच्या वैमानिकांना नकली विमानात पुऱ्या स्टॉलचा सराव सक्तीचा आहे. त्यासाठी यंत्रे दुरुस्त करताना स्टॉलपलीकडचे वर्तन तंतोतंत असावे असा हट्ट धरलेला नाही. ते प्रातिनिधिक असावे, आणि ज्याने तो अनुभव घेतला आहे अशा जाणत्या वैमानिकाने ते तपासावे, अशी व्यवस्था आहे. मला हे वाचून समाधान वाटले. तांडेलाला आधी वाचून दाखवा, एवढाच त्याचा अर्थ.

त्या गृहस्थांना मी जे सांगितले ते असे. मुलाला उपकरणे वाचता येतात, दिशा कळते, विमानाची भाषा येते; हे सारे खरे आणि उपयोगाचे आहे. पडणाऱ्या विमानाविषयी त्याला फक्त नावे माहीत आहेत. घर गहाण टाकण्याआधी त्याची वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि एकदा खऱ्या विमानात, शिक्षकाशेजारी बसवून त्याला वर पाठवा. खाली आल्यावर त्याचा चेहरा पाहा.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे त्याला शिकायचं अजून पुष्कळ आहे.”

“पुष्कळ आहे,” मी म्हटले.

“बरं झालं. मला भीती होती, त्याला सगळं येत असेल तर पैसे कशाला घालायचे!” आणि ते पाळीवर जायला उठले.