एका चिकटवहीचे परीक्षण

आमच्या घराण्यात समीक्षक कोणी झाला नाही. आजोबा तलाठी, वडील पतसंस्थेत, मी बँकेत. दुसऱ्याच्या चुका काढण्याचं काम मात्र तिन्ही पिढ्यांनी पगार घेऊन केलं. तेव्हा चित्रकलेवर लिहायचा तुम्हाला अधिकार काय, असं कोणी विचारलंच तर दोन पुरावे जोडतो. एक, मी बी.कॉम. आहे, म्हणजे माझं मत कलाशिक्षणाने बिघडलेलं नाही. दोन, साताऱ्याला शाळेत असताना सहलीत औंधचं भवानी संग्रहालय पाहिलंय. स्वतः चित्रं काढणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. तिथे रविवर्म्याच्या सैरंध्रीपुढे मी चांगली पाच मिनिटं उभा होतो. पुढची रांग हलत नव्हती.

परीक्षणासाठी घेतलेली कलाकृती म्हणजे आमच्या हिची शाळेतली चिकटवही. हीही साताऱ्याचीच. सातवीत असताना तिने कॅलेंडरवरचे पक्षी, काडेपेटीचे छाप आणि पोस्टाची तिकिटं गव्हाच्या पिठाच्या खळीने त्या जाड, रंगीत पानांवर चिकटवली होती. एका पानावर ऑइल पेस्टलने, म्हणजे तेलकट खडूने, काढलेला अजिंक्यतारा. आणि शेवटच्या पानावर एक फोटो : औंधच्या संग्रहालयाच्या दारात उभे असलेले माझे सासरे. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, ‘बाबा, औंध.’ सासरे आता नाहीत. फोटोची दुसरी प्रत नव्हती.

पुढे माझी बदली सांगलीला झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई आमच्याकडे न बोलावता राहायला आल्या. आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण ४५ फुटांवर. त्या गेल्या ५७ च्याही वर. आमच्या कपाटाचा खालचा खण त्यांनी आतून नीट पाहून घेतला. पाणी ओसरल्यावर चिकटवही हाती लागली ती पापड होऊन. खळ विरघळली होती. पक्षी उडाले, तिकिटं सुटली, शाईची अक्षरं वाहून गेली, फोटोही गेला. पानोपानी नुसते फिकट चौकोन उरले. तग धरला तो अजिंक्यताऱ्याने. खडूत मेण आणि तेल असतं, त्याला पाणी लागत नाही. आणि पेन्सिलीने. ‘बाबा, औंध’ तसंच्या तसं होतं. वर फक्त बाबा नव्हते.

ही वही वाळवून आम्ही जपून ठेवली, म्हणजे विसरून गेलो. यंदा सुट्टीत ती कन्येला सापडली. तिच्याकडे पंचवीस खडूंची नवी पेटी होती. संध्याकाळी घरी येतो तो बाईसाहेब आईच्या वहीत रंगवतायत!

“अगं, ही खाडाखोड आहे!” मी ओरडलो. चेकवर अक्षर गिरवलेलं दिसलं की हात आपोआप परत करण्याच्या शिक्क्याकडे जातो, त्याच सवयीने.

“मी रिकामे चौकोनच भरतेय की, बाबा.”

मी आशेने हिच्याकडे पाहिलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, भरू दे की.” बहुमत झालं. माझ्या हातात फक्त समीक्षा उरली.

पहिलं पान : मोर. चौकोनाच्या आत आखून, रेघेबाहेर न जाता रंगवलेला. शाळेत याला स्वच्छतेचे पैकीच्या पैकी मिळतील. मला हे पान अजिबात आवडलं नाही. मोर कुठल्या तरी पुस्तकातून हुबेहूब उतरवलेला. म्हणजे अस्सल नसून खरी नक्कल. या खडूचा जन्मच मुळी नकलेविरुद्ध झालाय. जपानचे चित्रकार कानाए यामामोतो सांगत होते की मुलांना गुरुजींचं चित्र गिरवायला लावू नका, दिसतं ते काढू द्या. त्याच वाऱ्यात १९२५ साली साकुरा कंपनीने हा मऊ, रंगात रंग मिसळणारा खडू आणला. सुरुवातीला तो थंडीचा वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा मिळायचा. सांगलीचा एप्रिल पाहिला असता तर त्यांना तिसराही काढावा लागला असता.

दुसरं पान : कासचं पठार. सीतेच्या आसवांचा जांभळा, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा. इथे कलावतीला बोटाने रंग मिसळता येतो हा शोध लागला आणि ती थांबलीच नाही. जांभळ्यात पिवळा घासला की बेरीज मातकट येते. सप्टेंबरातलं कास तिने मे महिन्यात नेऊन सोडलं. फडक्याने खडूचं टोक पुसत जावं, ही साधी गोष्ट राहिली. पण चौकोन मोडला, हे जमेच्या बाजूला लिहितो.

तिसरं पान : पूर. आधी पांढरा, त्यावर निळा, त्यावर तपकिरी, आणि पानाची लव निघेपर्यंत बोटाने घोटलेलं. १९२९ सालच्या त्या आयर्विन पुलाच्या कमानी कर्कटकाच्या टोकाने ओल्या रंगातून खरवडून काढलेल्या. शाळेच्या चित्रात नदी निळी असते. ही तपकिरी आहे. हे तिला कोणी शिकवलं नाही. त्या ऑगस्टमध्ये ती सहा वर्षांची होती आणि गच्चीवरून पाहत होती. आम्हाला वाटलं होतं, ती खेळतेय.

या पानावर दोष काढायला मी चष्मा पुसून बसलो. सापडला नाही. खाडाखोड म्हणून ओरडलो होतो ते शब्द मागे घेतो. घोटणं म्हणजे चूक लपवणं नव्हे; या पानावर तरी ते आठवणं होतं.

समोरच्याच पानावर ‘बाबा, औंध’चा चौकोन. तो तिने मोकळा सोडलाय. विचारलं तर म्हणाली, “तो आईचाय.”

मात्र हा खडू पुरता असा कधी वाळतच नाही. जाणकार मध्ये बटर पेपर घालतात; आम्ही वही तशीच मिटली. सकाळी उघडली तर पुराचा तपकिरी-निळा ठसा समोरच्या मोकळ्या चौकोनात उमटलेला. मी खोडरबर शोधायला उठलो.

“असू दे,” ही म्हणाली, आणि बराच वेळ ते पान पाहत राहिली.

मी पुन्हा खाली बसलो. बी.कॉम.ला दुहेरी नोंद पद्धत शिकलो होतो : एका बाजूला जे लिहाल, त्याची नोंद समोर व्हायलाच हवी. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते फक्त पैशांपुरतं आहे.