शिखराची कडा आणि त्रिकोणांची काटकसर

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथचे काळ्या पाषाणाचे लक्ष्मीनारायण मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील शिलालेखात उदयादित्य परमाराचा पुत्र जगद्देव याची प्रशस्ती आहे. विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर वैमानिकाचा अनुभव देणाऱ्या यंत्रणेत, असे देवालय उभे करावयाचे तर त्याचे कोरीव बारकावे दाखवावेत कसे? हा प्रश्न वाटतो तितका पोरखेळ नाही.

2020 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरने जगातील बहुसंख्य इमारती हवाई छायाचित्रांवरून यंत्राकरवीच रचल्या. वरून घेतलेल्या चित्रात छप्पर कळते, शिखराची चढती रेषा कळत नाही. अशा रचनेत देवालयाच्या माथी घराचे छप्पर यावे, यात नवल नाही. म्हणून हौशी कलावंत हाताने मंदिरे घडवितात. पण त्यांचीही गल्लत होते. भिंतीवरील एकेका मूर्तीसाठी हजारो त्रिकोण खर्ची पडतात आणि शिखर मात्र सरळसोट सुळका होऊन बसते! वकिली भाषेत बोलावयाचे तर गैरलागू पुराव्याची रास पडली आणि मुख्य मुद्दा शाबीत करावयाचा राहून गेला.

जेम्स ब्लिन याने 1978 साली दाखवून दिले, की पृष्ठभाग सपाट ठेवूनही प्रकाशाच्या हिशेबात त्याच्या लंबाची दिशा बदलून उठाव भासविता येतो. मूर्तिपट्टांना हा उपाय पुरेसा आहे. तथापि आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी कडा त्याने बदलत नाही. तेथे खरा आकारच हवा. छायाचित्र जसेच्या तसे भिंतीला चिकटविणे हा तर उघड दोष होय. त्यात टिपलेली सकाळची सावली सायंकाळीही तशीच राहते आणि सूर्य एकीकडे, छाया भलतीकडे असा विपर्यास घडतो.

या बाबतीत आपल्या स्थपतींकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उदयादित्याचे नाव धारण करणारे उदयपूरचे उदयेश्वर मंदिर किंवा सिन्नरचे गोंदेश्वर पाहावे. ही भूमिज शिखरे आहेत. चार बाजूंच्या उभ्या लतांच्या मध्ये एकाच घाटाच्या लहान शिखरिकांच्या ओळी वर जाताना आकसत जातात. संगणकाला ही रचना किती सोयीची! एक शिखरिका नीट घडवावी, तिचीच आवर्तने लहान करीत मांडावीत. स्मृतीत साठवावयाची एकच. शिवाय जेम्स क्लार्क याने 1976 साली सुचविल्याप्रमाणे विमान दूर असताना ढोबळ प्रतिकृती व जवळ येताच सविस्तर, अशी योजना करावी. मात्र ढोबळ प्रतिकृतीतही आमलक आणि कळस गाळता कामा नये. दुरून देवालयाची ओळख पटते ती त्यांच्यामुळेच.

जाळीच्या खिडक्या व लोखंडी कठडे पारदर्शक चित्राने भागवितात, ते ठीक. पण अशा जाळ्या एकामागे एक आल्या, की तोच ठिपका संगणकाला पुनःपुन्हा रंगवावा लागतो आणि वाचविलेला वेळ तेथे खर्ची पडतो. सभामंडपाच्या आतील जाळी बाहेरून दिसतच नसेल, तर ती घडविण्याच्या भरीस न पडणे बरे.