तीन लिफ्ट आणि एक वन्समोअर

मंडळी, आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णने येतात, आजोळच्या आठवणी येतात, गणेशोत्सवातल्या नाटकाचे कौतुक येते. यंदा व्हिडिओ गेमवर लिहितो म्हटल्यावर आमच्या सौ.नी चष्म्यावरून पाहिले. पण विचार करा, आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटमध्ये गाणे आणि नाटक यांच्यापेक्षा जास्त वेळ जे चालू असते, त्याबद्दल आपण "आता बंद कर ते!" यापलीकडे काही बोलतच नाही. नाटकाच्या तिसऱ्या अंकावरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारी माणसे आपण. या कलेलाही थोडी समीक्षा द्यायला काय हरकत आहे?

प्रश्न तसा जुनाच आहे. अवघड म्हणून नावाजलेली एखादी कलाकृती लोकप्रिय होत गेली, की तिच्यातले नवेपण आटते का? गेमच्या जगात हा वाद सर्वांत जास्त रंगतो तो जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या मालिकेवरून. 'डीमन्स सोल्स' (२००९), 'डार्क सोल्स' (२०११) आणि त्याचे पुढचे दोन भाग (२०१४ आणि २०१६), शिवाय त्याच घराण्यातले 'ब्लडबोर्न' (२०१५), 'सेकिरो' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२). मी २०११ पासून या घराण्याचा श्रोता आहे, म्हणून हा अधिकार.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक उद्ध्वस्त राज्य, त्यात एकटे तुम्ही. शत्रूचे दोन-तीन घाव बसले की खेळ संपला! मेल्यावर तुम्ही मागच्या शेकोटीपाशी परत येता आणि मारलेले शत्रू पुन्हा उभे राहतात. तुमची सगळी कमाई जिथे मेलात तिथेच पडून राहते. ती आणायला एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर गंगार्पण. ऐकायला क्रूर वाटते, पण शत्रूचा प्रत्येक घाव आधी सूचना देऊन येतो. वीस वेळा मेल्यावर एकविसाव्या वेळी तुम्ही जिंकता, कारण तोवर तुम्ही काहीतरी शिकलेले असता.

या मालिकेचे जनक हिदेताका मियाझाकी (ॲनिमेशनवाले हायाओ मियाझाकी वेगळे). आम्हा आयटीवाल्यांना यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटावा असे त्यांचे चरित्र आहे. हे गृहस्थ आधी ओरॅकलमध्ये नोकरी करत होते! 'इको' नावाचा गेम खेळून ते इतके भारावले, की २००४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पगार कमी होत असूनही ते फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये शिरले. तिथे एक प्रोजेक्ट रखडला होता आणि कंपनीने तो जवळजवळ बुडीत खात्यात टाकला होता. मियाझाकींनी तो मागून घेतला. हिशेब सरळ होता: आधीच फसलेले काम आपल्या हातून फसले तर कोण काय म्हणणार? त्या बुडीत प्रोजेक्टचा झाला 'डीमन्स सोल्स'. सोनीचे एक मोठे अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो खेळून पाहिला, त्यांना तो मुळीच आवडला नाही, आणि सोनीने तो जपान-आशियाबाहेर काढलाच नाही. अमेरिकेत ॲटलस नावाच्या दुसऱ्या कंपनीने तो आणला. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

सांगायचा मुद्दा हा, की या मालिकेचे सगळे धाडस कुणाचेही लक्ष नसताना झाले. आमच्या धंद्यातही व्हर्जन वन तसेच लिहिले जाते. व्हर्जन टूच्या वेळी जुने गिऱ्हाईक छातीवर येऊन बसते. मग जुने काही काढायचे नाही, सवयीचे बटण जागेवरून हलवायचे नाही. याला आम्ही 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' असे भारदस्त नाव दिले आहे.

आता शीर्षकातल्या लिफ्टकडे येतो.

पहिली लिफ्ट २०११ च्या 'डार्क सोल्स'मधली. सुरुवातीच्या शेकोटीपासून निघून तुम्ही तटबंद्या, पूल, गल्ल्या असे तासन्‌तास लढत वर चढता. आपण कुठल्या कुठे आलो, परतीची वाट आता सापडायची नाही, अशी खात्री पटते. मग एका चर्चमध्ये लिफ्ट दिसते. ती खाली जाते, थांबते, आणि ओळखीचे संगीत ऐकू येते. तुम्ही पहिल्याच शेकोटीपाशी उभे असता! सगळे जग एकाच डोंगरावर वर-खाली गुंफलेले आहे हे त्या क्षणी कळते. या गेममध्ये नकाशा नाही. अर्धा गेम होईपर्यंत एका जागेहून दुसरीकडे चटकन पोचवणारी सोयही नाही. त्यामुळे नकाशा डोक्यात तयार होतो, जसा आपल्या गावाचा असतो.

मियाझाकींनी मुलाखतींत सांगितले आहे, की लहानपणी घरची परिस्थिती बेताची असल्याने ते वाचनालयातली पुस्तके वाचत. त्यांत इंग्रजी पुस्तकेही असत. बरेचसे कळत नसे, मग चित्रांच्या आधाराने मधल्या रिकाम्या जागा ते स्वतःच भरत. आपली इथली मुले मराठी गोष्टीचे पुस्तक वाचताना नेमके हेच करतात! 'डार्क सोल्स'ची कथाही तशीच अर्धवट कळते; तलवारीच्या वर्णनातल्या दोन ओळी, कोपऱ्यातला एक पुतळा, बाकीचे तुमचे तुम्ही. न कळण्याचा हा आनंद देण्यासाठी वाचकावर फार विश्वास लागतो. माझ्या मते या मालिकेची खरी निर्मिती इथे आहे. अवघडपणा हे तिचे केवळ साधन.

दुसरी लिफ्ट २०१४ च्या 'डार्क सोल्स २'मधली. एका पवनचक्कीच्या माथ्यावर पोचून तुम्ही लिफ्टने आणखी वर जाता, आणि बाहेर पडता ते लाव्ह्यात बुडालेल्या किल्ल्यात. पवनचक्कीच्या वर लाव्ह्याचे तळे! बाहेरून पाहिले तर तिथे आकाशाशिवाय काही नाही. यात दिग्दर्शक बदलल्याचा भाग होताच (मियाझाकी तेव्हा 'ब्लडबोर्न'मध्ये गुंतले होते), पण कारण आणखी खोल आहे. या भागात पहिल्यापासूनच कुठल्याही पाहिलेल्या शेकोटीपाशी क्षणात जाता येते. सोय झाली खरी, पण जिथे कुणी चालतच नाही तिथला रस्ता खरा असण्याची गरज उरत नाही.

दरम्यान, २०१२ साली पहिला भाग कॉम्प्युटरवर आला तेव्हा त्याचे नावच होते 'प्रिपेअर टू डाय एडिशन', म्हणजे 'मरायला तयार व्हा'. साधन होते ते पाटीवर आले. मग २०१६ च्या 'डार्क सोल्स ३'मध्ये पहिल्या भागातले लाडके शहर परत आले, ओळखीचा लोहार परत आला. आपल्या संगीत नाटकांत एकेका पदाला वन्समोअर मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. श्रोते तृप्त, गायक तृप्त. कथानक मात्र बिचारे तिथेच उभे! गंमत म्हणजे मियाझाकींना हे पुरेपूर ठाऊक असावे. तिसऱ्या भागाची कथाच अशी आहे, की विझत चाललेली आग पुन्हा पुन्हा पेटवून लोकांनी जगाची राख करून टाकली आहे. गेमने स्वतःवरच टीका लिहिली, आणि ती टीकाही हातोहात खपली.

मग लोकप्रियताच दोषी का? नाही, कारण त्याच वर्षांत दोन गेम उलटी साक्ष देतात. 'ब्लडबोर्न'ने आमच्या हातची ढाल काढून घेतली. एक लाकडी फळी तेवढी ठेवली आणि तिच्या वर्णनात ढालीमागे लपणाऱ्यांची थट्टा केली. घाव बसल्यावर मागे सरण्याऐवजी लगेच उलट वार केला तर गेलेले रक्त परत मिळते, असा नवा नियम आला. म्हणजे भित्र्या खेळाडूला शूर व्हावे लागले. 'सेकिरो'ने तर शस्त्रांची निवड आणि इतर खेळाडूंची मदत, दोन्ही काढून टाकले. लोळण घेऊन वार चुकवण्याची दहा वर्षांची सवय तिथे घातक ठरते. तलवारीला तलवार भिडवावीच लागते. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मोडण्याचे याहून चांगले उदाहरण मी आमच्या धंद्यातही पाहिलेले नाही. तरी 'सेकिरो' २०१९ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०२३ पर्यंत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या.

तिसरी लिफ्ट 'एल्डन रिंग'मधली. हा गेम तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपला आणि २०२५ पर्यंत आकडा ३ कोटींवर गेला. त्यात जंगलातल्या एका ओसाड मंडपात लिफ्ट आहे. ती खाली जाते, जातच राहते, आणि दार उघडते तेव्हा जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेले आकाश! ते दृश्य पाहून मी कंट्रोलर खाली ठेवला होता. म्हणजे तोवर कल्पना आटली नव्हती, हे मान्यच करावे लागेल.

पण त्याच जगात तळघरांमागून तळघरे सारख्याच दगडांची आहेत आणि बऱ्याच छोट्या सुवर्णवृक्षांखाली तोच लाकडी राक्षस बसला आहे. ॲस्टेल नावाचा एक आकाशातून पडलेला, शहरे गिळणारा कीटक आहे. त्याची पहिली भेट विसरणे अशक्य. पुढे एका खाणीच्या टोकाला त्याचाच जुळा भाऊ भेटतो आणि पहिल्या भेटीचेही मोल कमी होते. जग एवढे विस्तीर्ण केले की ते भरावे लागते, आणि भरायला पुनरावृत्ती लागते.

शत्रूंचेही तसेच. सुरुवातीलाच भेटणारा मार्गिट काठी उगारतो आणि हवेतच धरून ठेवतो. जुना खेळाडू सवयीने आधीच उडी मारतो आणि मार खातो. क्रिकेटमधला स्लोअर बॉलच हा! हुशारी आहे, पण ती मुरलेल्या फलंदाजासाठी. जुने म्हणतात, "मदतीला आत्मे बोलावता येतात, म्हणून गेम सोपा झाला." मला ही तक्रार पटत नाही. नवख्याला मदत मिळाली म्हणून कला कमी होत नाही. ती कमी होते जुन्यांना दिपवण्याच्या चढाओढीत.

यावर आमच्या चिरंजीवांचा आक्षेप नोंदवलाच पाहिजे. ते आता कॉलेजात आहेत, 'एल्डन रिंग'पासून सुरुवात केली (पालकहो, वेष्टनावर १७ वर्षांवरील असे स्पष्ट छापलेले असते, ते बघा). ते म्हणतात, "बाबा, तुम्ही हरवलात २०११ मध्ये, मी हरवलो 'एल्डन रिंग'मध्ये. पहिलं जे असतं तेच भारी वाटतं. इट्स नॉट द गेम, इट्स यू!"

मुद्दा बिनतोड वाटतो, आणि निम्मा खराही आहे. पण 'सेकिरो' आला तेव्हा मी आठ वर्षांचा मुरलेला खेळाडू होतो, तरी पहिल्या तासात पुन्हा बिगरीत बसलो. नवेपण फक्त खेळणाऱ्याच्या वयात असते, तर हे झाले नसते. ते गेममध्येही असू शकते. फक्त त्यासाठी आमच्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांना नाराज करण्याची तयारी हवी.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: लोकप्रियतेने ही मालिका सोपी झाली नाही आणि बुद्धीही आटली नाही. ती अडते ती आमच्या टाळ्यांपाशी. २०२५ च्या 'एल्डन रिंग नाईटरेन'मध्ये 'डार्क सोल्स'चे जुने शत्रू पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो! पण 'डार्क सोल्स ३'च्या पुरवण्यांत एक लहान चित्रकार मुलगी आहे. जुने जग जळत असताना ती नव्या चित्रासाठी रंगाची वाट बघत बसलेली असते. वन्समोअर मागताना तिची आठवण ठेवलेली बरी.

ज्यांना हे पटले नसेल त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात मला जरूर गाठावे. सोबत मुलांना आणावे, कारण वाद घालायला तेच जास्त तयारीचे असतील. चहा माझ्याकडून.