उबवणपेटीचा एकच आकडा

कोंबडीची अंडी उबवणारी पेटी अनेक शाळांनी करून पाहिलेली असते. खोका, चाळीस वॅटचा दिवा, पाण्याची वाटी, ३७.५ अंश सेल्सिअस तापमान आणि २१ दिवसांची वाट. पिल्ले बाहेर आली की प्रयोग यशस्वी झाला असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरही असते.

अमेरिकेत व युरोपात पाली, कासवे, साप घरी पाळण्याचा छंद मोठा आहे. या हौशी मंडळींसाठी निघणाऱ्या काही पुस्तिका नुकत्याच वाचनात आल्या. थर्मोकोलचा खोका, ओलसर व्हर्मिक्युलाइट, थर्मोस्टॅट यांची जुळणी त्यांत इतकी सोपी करून सांगितली आहे, की आपल्याकडील प्रयोगपुस्तकांच्या लेखकांनी ती जरूर पाहावी. अंडी फिरवू नयेत ही सूचनाही त्या ठळकपणे देतात. कोंबडीचे अंडे अधूनमधून वळवावे लागते. याउलट या प्राण्यांच्या अंड्यांत भ्रूण वरच्या बाजूला कवचालगत चिकटतो आणि अंडे उलटे झाले तर मरू शकतो.

माझा आक्षेप आहे तो तापमानाच्या प्रकरणावर. तेथे या पुस्तिका पुन्हा कोंबडीकडेच वळतात. एक आकडा देतात आणि किती अंडी फुटली यावर यश मोजतात.

कोंबडीचे पिल्लू नर की मादी, हे गुणसूत्रांनी आधीच ठरवलेले असते. सापांतही तसेच. परंतु सर्व मगरी, बहुतेक कासवे आणि काही पाली-सरडे यांच्यात ते अंड्याला मिळालेल्या तापमानावर ठरते. १९६६ साली सेनेगलमधील डाकार येथे मादलेन शार्निए यांनी आगामा सरड्यात हे प्रथम दाखवले. लेपर्ड गेको ही छंदिष्टांची सर्वांत लाडकी पाल. तिची अंडी २६ अंशांवर उबवली तर जवळजवळ सर्व माद्या होतात, ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर होतात आणि ३४-३५ अंशांवर पुन्हा जवळजवळ सर्व माद्या! ही माहिती हाती आल्यावर काही पुस्तिकांनी ‘हवे ते लिंग निवडा’ असा सूर लावला आहे. पण ३२.५ अंशांवरही सारेच नर होत नाहीत. शिवाय गुट्झके व क्रूझ यांनी १९८८ मध्ये दाखवले, की वेगवेगळ्या तापमानांत वाढलेल्या माद्यांची संप्रेरके व वागणूकही पुढे वेगळी असते. तेव्हा बटण फिरवून नर किंवा मादी मिळते, एवढीच ही गोष्ट नाही.

आणि तो आकडा पेटीत खरोखर असतो का? साधा थर्मोस्टॅट दिवा लावतो आणि बंद करतो; तापमान सतत वरखाली होत राहते. संवेदक ठेवला तेथे ३० अंश, तर दिव्याखालच्या कोपऱ्यात ३२. आमच्या प्रयोगशाळेतील चांगल्या महागड्या पेटीतही एकाच फळीच्या दोन टोकांना मी दीड अंशाचा फरक मोजला आहे. सरासरी बरोबर आहे ना, असे कोणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातील आर्थर जॉर्जेस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लॉगरहेड या समुद्री कासवाच्या अंड्यांवर नेमके हेच तपासले. सरासरी तीच ठेवून रोजचा चढउतार वाढवला, तेव्हा पिल्ले नरांकडून माद्यांकडे झुकली. गर्भाची वाढ उष्ण तापमानाला अधिक वेगाने होते, त्यामुळे दिवसाचे उबदार तास गार तासांपेक्षा जास्त मोलाचे ठरतात. सरासरीत हे दिसत नाही.

निव्वळ फुटलेली अंडी मोजण्याची किंमत समुद्री कासवांच्या संरक्षकांना कळून चुकली आहे. किनाऱ्यावरची अंडी थर्मोकोलच्या खोक्यांत ठेवून उबवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. पिल्ले भरपूर निघत, सगळे खूश. समुद्री कासवांत गार अंड्यांतून नर, उबदार अंड्यांतून माद्या निघतात. खोका वाळूपेक्षा गार पडतो. म्रोसोव्स्की व इन्टेमा यांनी १९८० मध्ये या धोक्याचा इशारा दिला. १९८५ मध्ये लेदरबॅक कासवांच्या अशा पिल्लांत नरांचे प्रमाण वाढल्याचे प्रत्यक्ष दिसले. पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे यश म्हणून नोंदली जाऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणातील वाळूतच पुन्हा पुरतात, ही पद्धत म्हणूनच अधिक बरी. मात्र तेथेही सावली आणि खोली यांचा हिशेब सुटत नाही.

या पुस्तिका वाचून कोणी विद्यार्थी शेतात सापडलेली अंडी घरी आणू पाहील, तर त्याला थांबवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांची अंडी बाळगणे हा गुन्हा आहे. तापमानाचा प्रश्न मात्र अंड्यांविनाही हाताळता येतो. रिकाम्या खोक्यात दिवा व थर्मोस्टॅट बसवा, तीन तापमापक तीन ठिकाणी ठेवा (तापाचा नको, त्यातला पारा आपोआप उतरत नाही), आधी तिन्ही वितळत्या बर्फात तपासून घ्या आणि दर अर्ध्या तासाने दिवसभर नोंदी करून आलेख काढा. तीन रेषा क्वचितच एकावर एक पडतील.