फाइल लहान झाली, प्रयोगाचे काय?

शिक्षकांच्या मोबाइल गटांवर प्रयोगांच्या व्हिडिओ क्लिप हल्ली सर्रास फिरतात. त्या लहान करून पाठवाव्या लागतात, यात गैर काही नाही. साधा हिशोब करून पाहा. एका चौकटीत १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला ३० चौकटी. म्हणजे सेकंदाला सुमारे १८.७ कोटी बाइट, मिनिटाला ११ जीबीहून अधिक! व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओसाठी बरीच वर्षे मर्यादा होती १६ एमबीची. मिनिटभराची क्लिप तीत बसवायची तर माहिती सातशेपट आटवायला हवी. हे साधते, हेच नवल. त्यामागचे एक महत्त्वाचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडले.

आमचा आक्षेप आहे तो काय टाकून दिले जाते यावर. २००३ मध्ये आलेली आणि आजही खूप वापरली जाणारी एच.२६४ ही पद्धत घ्या. एका चौकटीकडून दुसरीकडे जाताना जे बदलले, मुख्यतः तेवढेच ती नोंदते. जागा कमी पडली की बारीक तपशील पुसट करते. रंगाची नोंद तर सहसा चार ठिपक्यांना मिळून एकच असते. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून सिनेमा पाहताना हे खटकत नाही. पण प्रयोग म्हणजे सिनेमा नव्हे. अनुमापनात चंबूतल्या द्रावणाला येणारी पहिली फिकट गुलाबी छटा हेच तर निरीक्षण! नेमकी तीच पुसली गेली, तर क्लिप पाहणारा विद्यार्थी अंतिम बिंदू उशिराचा धरणार, आणि चूक त्याच्या माथी.

'चौकटी निम्म्या करा' हा सल्लाही सरसकट घेऊ नये. ८० सेंमी उंचीच्या टेबलावरून चेंडू जमिनीवर यायला सुमारे ०.४ सेकंद लागतो. सेकंदाला ३० चौकटी असतील तर या पतनाच्या १२ चौकटी हाती लागतात, १५ असतील तर फक्त ६. त्यांवरून त्वरण काय काढणार? त्यापेक्षा चित्राचा आकार ६४० गुणिले ३६० करावा. ठिपके एक नवमांशावर येतात, वेळेची मापे शाबूत राहतात.

खरी बचत मात्र चित्रण करतानाच होते. मोबाइल हातात न धरता विटांच्या चवडीवर टेकवा. मागे कोरी भिंत असू द्या. खिडकीबाहेर हलणारे झाड प्रयोगाच्या वाट्याचे बाइट खाऊन टाकते. सुरुवातीचे प्रास्ताविक कापा (ते तसेही कोणी ऐकत नाही). ज्यांना मापन करायचे आहे त्यांना मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे अ‍ॅप तिची काटछाट करत नाही.

चुंबकाभोवतीच्या लोहकिसाला तर व्हिडिओ हवाच कशाला? आटवल्यावर त्या रेषांचा करडा चिखल होतो. कीस एकदा स्थिरावला की जवळून काढलेला एक फोटो पुरे.