पर्यटनाचे आकडे आणि लमाणी बाई

बाईला रोजगार मिळाला की ती मुक्त होते, असे भाबडे गणित विकासवादी विचारवंतांनी मांडून ठेवले आहे. जागतिक पर्यटन संघटनेचा २०१९ चा स्त्रियांविषयीचा अहवाल याच वाटेने जातो. पर्यटनात काम करणाऱ्यांत ५४ टक्के स्त्रिया आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के. या क्षेत्रात बाईची मिळकत पुरुषापेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी आहे, हेही अहवाल लपवत नाही. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. माझा आक्षेप निराळा आहे. या आकड्यांतली 'स्त्री' नेमकी कोण?

गोव्याचा किनारा पाहा. कळंगुट-बागाच्या वाळूत माळा, कापड विकत फिरणारी लमाणी बाई बहुधा कर्नाटकातली. तिथे तिचा समाज अनुसूचित जातींत आहे. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. कुठल्याही हॉटेलच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही. पगार नाही, बाळंतपणाची रजा नाही. पाऊस लागला की कमाई आटते. किनारा 'स्वच्छ' करण्याची मोहीम निघाली की माल तिचा जप्त होतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कलंक कागदावरून १९५२ साली पुसला गेला. संशयाची नजर गेली नाही.

हॉटेलच्या आतही उतरंड आहेच. स्वागतकक्षात इंग्रजी बोलणारी बाई वेगळी, मागे संडास धुणारी वेगळी. दोघींची बेरीज करून टक्केवारी सिद्ध होते, पण दोघींचे प्रश्न एक होत नाहीत. जात म्हणजे श्रमिकांचीच विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. पर्यटनाने ती मोडली नाही. तिला गणवेश चढवला.

म्हणून पर्यटनच नको, असे मी म्हणत नाही. गावच्या जमीनदाराच्या बांधावर राबण्यापेक्षा किनाऱ्यावरची रोकड तिने पत्करली, तर तो तिचा शहाणपणा आहे. प्रश्न हक्काचा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा विक्रीचा दाखला देतो, विक्रेत्यांच्या समितीत स्त्रियांना जागा देतो. पण तो शहरी विक्रेत्यांसाठी. कळंगुटला ग्रामपंचायत आहे. किनाऱ्यावरची बाई या फटीत सापडते.

तेव्हा आपल्या अभ्यासकांनी परक्या अहवालांची भाषांतरे करीत बसू नये. वाळूवर जाऊन मोजणी करावी, आणि त्या मोजणीत जातीचा रकाना ठेवावा. कार्यकर्त्यांनी तो कायदा किनाऱ्यापर्यंत आणण्याची मागणी करावी. ज्या बाईची नोंदच नाही, तिच्या मुक्तीचा हिशेब कोण देणार?